सहा जादा खुर्च्या

३ मार्च

खारू,

पत्र वाचायच्या आधी दार लावून घे. ही बातमी कुणालाही सांगायची नाही असं मला बजावलंय आणि तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला खुर्च्या करायला मिळाल्यात. दुरुस्ती नाही, नव्या कोऱ्या सहा खुर्च्या. त्याही कुणासाठी, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य पीठासाठी, जिथे आमचे नऊ न्यायमूर्ती बसतात तिथे.

बावीस वर्षं मी या इमारतीच्या तळघरात सुतारकाम करते आहे, त्यातली आठ मुकादम म्हणून. आजवर केलं काय, तर वकिलांनी मुठी आपटून खिळखिळी केलेली टेबलं आवळली आणि फुगलेली दारं रंधली. नवं असं एक स्टूलसुद्धा माझ्या हातून झालं नाही. आणि आता हे.

जुन्या नऊ खुर्च्या अक्रोडाच्या आहेत. तसं लाकूड हल्ली मिळत नाही म्हणून तीन वखारी पालथ्या घातल्या. तिसरीत मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, हवे तसे ओंडके सापडले. नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला आणि वखारवाल्यासमोर चेहरा सरळ ठेवायला फार कष्ट पडले. पाठ उंच, माझ्या हनुवटीपर्यंत. माथ्यावर कोरलेली पानांची वेल. ती वेल कोरणारं आमच्या आठ जणांत दुसरं कुणी नाही, म्हणजे सहाही वेळा मीच.

वीस एप्रिलच्या आत सगळं हवंय. मंचसुद्धा दोन्ही बाजूंनी वाढवायचा आहे. न्यायालयाच्या प्रबंधकांनी खोलीत बोलावून सांगितलं की कागदावर याला दुरुस्ती म्हणायचं आणि दारावरच्या फळ्यावर लिहायचं नाही. तो फळा तू पाहिलायस. हातात काम कोणतं, नग किती, कुणासाठी, हुकूम कुणाचा नि कधीचा, मुदत काय, हे खडूने लिहायचा आमचा जुना नियम आहे. मी म्हटलं बरं. असं काम मिळतंय म्हटल्यावर मी कशालाही बरं म्हटलं असतं.

तू सरकारी पक्षाचा खासदार, तुला हे आधीच ठाऊक असणार. तरी माझ्याकडून ऐक. फोन केला असता, पण कार्यशाळेतला फोन भिंतीवर आहे आणि त्या भिंतीला टेकून सगळे बसतात. संसद एका शहरात आणि न्यायालय दुसऱ्या शहरात, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला बहीण नसणार.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र सभागृहात वाचलं, अर्थमंत्र्यांचं भाषण चालू असताना. मी गालातल्या गालात हसतोय हे पाहून शेजारच्या सदस्याला वाटलं, याला अर्थशास्त्र कळतं.

बावीस वर्षांनी का होईना, कुणाला तरी तुझ्या हाताची किंमत कळली. खुर्च्या लागल्या की मी येऊन बघणार.

आता माझी बातमी. पक्षनेत्यांनी चहाला बोलावलं होतं. एप्रिलअखेर मंत्रिमंडळात बदल आहे आणि पशुपालन खातं माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात आहे. चौदा वर्षं मी गुडघाभर चिखलात गाईंची बाळंतपणं केली, ताई. कोणत्या तालुक्यात लस पोचत नाही आणि का पोचत नाही, हे मला झोपेतून उठवून विचार. चहा तसाच राहिला आणि मी अर्धा तास लशींवर बोलत बसलो. ते हसत होते, पण ऐकत होते.

बाकी विधी समितीचं काम रेंगाळत चालू आहे. गुरांच्या डॉक्टरचं तिथे काय काम, हे मला अजून कळलेलं नाही. वेळेवर हात वर करणारा माणूस हवा असेल. न्यायमूर्तींची संख्या वाढवायचं विधेयक आमच्यापुढे आहे. आकडा अजून ठरलेला नाही असं विधिमंत्री सांगतात.

सहज विचारतो, तुझ्या त्या हुकमावर तारीख कोणती आहे? आणि सही कुणाची? घाई काही नाही. उलट टपाली कळवलंस तर बरं.

तुझा खारू


१४ मार्च

मंत्रिमहोदय,

तुझं पत्र वाचून हातातला रंधा बाजूला ठेवला आणि नुसती बसून राहिले. आई असती तर गल्लीतल्या प्रत्येक दारात उभी राहून सांगत सुटली असती. आता ते काम माझ्याकडे आलंय. निम्मी गल्ली झाली, निम्मी रविवारी करीन.

तू विचारलंस म्हणून कागद काढून पाहिला. तारीख अकरा फेब्रुवारी. सही आमच्या प्रबंधकांची नाही, विधी मंत्रालयाच्या सचिवांची आहे. न्यायालयाच्या खुर्च्या मंत्रालय कधीपासून मागवायला लागलं, असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं. लाकूड इतकं सुंदर होतं की वाटलं नाही.

काल सरन्यायाधीश स्वतः तळघरात आले. सत्तरीच्या घरातला माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या टेबलाचा खण अडकतो, ते सांगायला आले होते. खण बाजूलाच राहिला. सहा सांगाडे रांगेत उभे होते, त्यांच्यापुढे ते थांबले आणि मला त्यांचे ओठ हलताना दिसले. मोजत होते.

"या कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्ती चालू आहे, साहेब."

"नव्या लाकडाची दुरुस्ती?"

त्यांनी एका खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला, काम चांगलं झालंय म्हणाले आणि गेले. बावीस वर्षांत मी त्या इमारतीत कुणाशी खोटं बोलले नव्हते. पहिल्यांदा बोलले ते नेमकं त्यांच्याशी.

आता सांग, तारीख कशाला हवी होती? लहानपणी तू सहज म्हणून काही विचारलंस की दुसऱ्या दिवशी घरातलं काहीतरी उघडून पडलेलं असायचं. घड्याळ, रेडिओ, एकदा तर शेजाऱ्यांचं कोंबड्यांचं खुराडं. खरं काय ते लिही.

ताई


१९ मार्च

ताई,

लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

विधेयक आमच्या समितीकडे आलं दोन मार्चला. किती न्यायमूर्ती वाढवायचे ती जागा त्यात कोरी आहे. मंत्र्यांनी आम्हा अकरा जणांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं की आकडा समितीच ठरवेल. आणि त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधीच त्यांच्या सचिवाने तुझ्याकडे सहा खुर्च्या मागितल्या होत्या.

वीस एप्रिल कशासाठी, तेही कळलं. सरकारने निवडणूक एक वर्ष पुढे ढकललीय हे तू पेपरात वाचलंसच. त्याविरुद्धचा खटला पाच मेला तुमच्या नऊही न्यायमूर्तींपुढे येतोय. निकाल विरोधात जाईल अशी पक्षाला धास्ती आहे. त्याआधी आपल्या पसंतीचे सहा जण शेजारी नेऊन बसवले की धास्ती संपली. एकदा हे जमलं की पुढच्या वर्षी आणखी एक वर्ष मागायला कोण अडवणार?

समितीत सहा आमचे, पाच विरोधी. माझा एक हात इकडचा तिकडे झाला तर सगळं फिरतं.

काल आरशासमोर उभा राहून प्रश्न पाठ केला. मंत्रिमहोदय, आकडा ठरलेला नाही, तर खुर्च्या सहा कशा? म्हणताना छाती फुगली. मग लक्षात आलं की दुसरा प्रश्न मलाच येईल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुझी नोकरी जाईल, आणि तेवढ्यावर थांबणारे लोक हे नव्हेत. म्हणून मी ठरवलंय. सत्तावीसला मतदान आहे. बाकीच्यांबरोबर हात वर करीन आणि खाली घेईन. तू तुझ्या खुर्च्या पूर्ण कर.

मंत्रिपदाशी याचा काही संबंध नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

खारू


२२ मार्च

खारू,

वेगळं सांगायला नको होतं, मग सांगितलंस कशाला?

मंत्रिपद हवंय असं सरळ लिहिलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. तू ते खातं मनापासून चालवशील, याबद्दल मला शंका नाही. पण माझी नोकरी पुढे करून गप्प बसू नकोस. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन. खरं तर आज सकाळीच बघून घेतलं.

नऊ वाजता ओल्या फडक्याने फळा पुसला आणि लिहिलं, 'नवीन खुर्च्या, नग सहा, न्यायमूर्तींसाठी. हुकूम विधी मंत्रालयाचा, ११ फेब्रुवारी. मुदत २० एप्रिल.' नियमात सांगितलंय तेवढंच, एक शब्द जास्त नाही. आमच्या दारासमोरचा बोळ तुला माहीत आहे. उपाहारगृहाचा रस्ता तोच. वकील, पक्षकार, वार्ताहर, सगळे तिथूनच ये-जा करतात.

एक तरुण वकील पुढे गेला, चार पावलं मागे आला आणि पुन्हा वाचू लागला. अर्ध्या तासात बोळातून चालता येईना. प्रबंधक धावत आले आणि कोटाच्या बाहीनेच फळा पुसला. ते जिन्यापर्यंत पोचतात तोवर मी पुन्हा लिहिलं. मग ते लेखी ताकीद घेऊन आले. पोच म्हणून मी सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि तिसऱ्यांदा लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. एक वार्ताहर बाई एव्हाना स्टुलावर चढून फोटो काढत होती. स्टूल आमच्याच एका सुताराने दिलं होतं.

आता ही गोष्ट तुला बहिणीने सांगितलेली नाही, पेपरने सांगितलीय. विचारायचं तर विचार. नसेल विचारायचं तर नको, पण कारण तुझं स्वतःचं ठेव.

पत्र जलद टपालाने पाठवते आहे.

ताई


२८ मार्च

ताई,

काल रात्रभर डोळा लागला नाही आणि आज झोप येत नाहीये. ऐक.

काल सकाळी समितीच्या खोलीत शिरलो तर टेबलावर अकरा जणांसमोर अकरा पेपर, आणि अकराही पेपर घडी घालून पालथे ठेवलेले. कुणी कुणाकडे बघेना. माझ्या उजव्या हाताला आमच्या पक्षाच्या एक म्हाताऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बसतात. दोन वर्षांत त्या सभेत एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पाण्याचा पेला पुढे सरकवून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या की घसा कोरडा असेल तर प्रश्न नीट विचारता येत नाही. मी विचारणार आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मला स्वतःलाच तोवर कळलं नव्हतं.

मी उभा राहिलो. आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरलो. पेपर उलटा केला, तुझ्या फळ्याचा फोटो मंत्र्यांकडे वळवला आणि विचारलं, "या सहा खुर्च्या कुणासाठी आहेत?"

ते म्हणाले, समारंभाच्या वेळी पाहुणे येतात, त्यांच्यासाठी.

"पाहुण्यांसाठी न्यायपीठाचा मंच वाढवतात?"

"डॉक्टर, तुम्ही गुरांचं बघा," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिका बसल्या जागेवरून वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "त्यांनी प्रश्न विचारलाय. उत्तर द्या."

मंत्र्यांनी मतदान घ्यायला सांगितलं. मतदान झालं. माझा हात कधी वर गेला ते मला आठवत नाही, पण तो विरोधी पाच जणांबरोबर होता आणि शेजारी मुख्याध्यापिकांचा होता. सात विरुद्ध चार. समितीने विधेयक फेटाळावं अशी शिफारस केली.

बाहेर आल्यावर पक्षनेत्यांनी चहाला बोलावलं नाही. चिठ्ठी आली. मला आणि मुख्याध्यापिकांना पक्षातून काढलंय. पशुपालन खात्याचं काय झालं ते तुला समजलंच. खरं सांगू, ते मला हवं होतं. मागच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य खोटं होतं.

पण तू कुठे आहेस? कार्यशाळेत तीनदा फोन केला. कुणी अनोळखी माणूस मुकादम नाहीत म्हणतो आणि ठेवून देतो. ताबडतोब कळव.

खारू


४ एप्रिल

खारू,

जिवंत आहे आणि मजेत आहे.

फळा लिहिला त्याच संध्याकाळी माझी बदली झाली. मुद्दामच कळवलं नाही, नाहीतर सत्तावीसला तुझा हात माझ्या काळजीने पुन्हा जड झाला असता. गावाबाहेर न्यायालयाचं गोदाम आहे. मोडके पंखे, तीन पायांची टेबलं, गंजलेली टंकयंत्रं. पत्रही तीन टेबलांवरून फिरून इथे पोचतं. माझ्याविरुद्ध चौकशी चालू आहे. चौकशी करणाऱ्यांनी चार वेळा विचारलं, तुम्हाला कुणाची फूस होती? मी चारही वेळा नियमाचा क्रमांक सांगितला.

वेगळं एक ऐक. माझ्या जागी जो आला त्याने पहिल्याच दिवशी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहिलेला. पुसला, पुन्हा लिहिलेला. अक्षर रोज वेगळं. आमचे सात सुतार, सगळे म्हणतात आम्हाला लिहिताच येत नाही. वार्ताहर बाई येऊन सांगून गेली की लोक आता फळा बघायला म्हणून येतात, बायका मुलांना कडेवर घेऊन वाचून दाखवतात. दोन खुर्च्या पूर्ण झाल्यात, चार अर्धवट. कामाला हात लावायला कुणी तयार नाही.

ते शेवटचं वाक्य खोटं आहे हे मला वाचतानाच कळलं होतं. खातं गेल्याचं मला वाईट वाटतं, आणि तुझ्या त्या हाताबद्दल काय वाटतं ते कागदावर मावणार नाही.

विधेयक एकदाचं मेलं. आता तरी नीट झोप.

ताई


१७ एप्रिल

सकाळी साडेनऊ

ताई,

मेलं नव्हतं. समितीची शिफारस बाजूला सारून सरकारने ते थेट सभागृहात आणलंय. मतदान आज अकराला. आता त्यात आकडा उघड लिहिलाय, सहा. पक्षाने आपल्या सगळ्या सदस्यांना बाजूने मत द्यायचा आदेश काढलाय. दोन आजारी सदस्यांना रुग्णवाहिकेतून आणलंय, त्यातल्या एकाची नाडी मीच पाहिली, कारण जवळ दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने विचारलं, तुम्ही माणसांचे नाही ना? मी म्हटलं, नाही, पण नाडी सगळ्यांना असते. मुख्याध्यापिका कालपासून एकेका सदस्याला गाठताहेत. यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी निघाले. घंटा झाली. जातो.

दुपारी दोन

बाजूने एकशे चार, विरोधात एकशे आठ.

चार मतांनी, ताई. अध्यक्षांनी आकडा वाचला तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही कोणाचा कोणता. मग प्रेक्षकांच्या सज्जातून जो आवाज उठला तो तुमच्या शहरापर्यंत आला असेल. मुख्याध्यापिकांनी मला पाठीत धपाटा घातला आणि मग एकदम खाली बसून डोळे पुसायला लागल्या.

आता सरन्यायाधीश तुला सन्मानाने परत बोलावतील, आणि पाच मेच्या खटल्याचा निकाल काय लागणार हेही उघड आहे. ज्यांच्यासाठी तू हे केलंस ते विसरणार नाहीत. निकाल लागला की दोन्ही बातम्या एकदम कळव.

तुझा खारू


२९ मे

माझ्या खारू,

दोन्ही बातम्या आज एकदम मिळाल्यात. तुझे दोन्ही अंदाज अर्धे-अर्धे चुकले, तरी पत्र पूर्ण वाच.

निकाल सकाळी दहाला लागला. मी गोदामातून रजा काढून गेले आणि प्रेक्षकांत मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. नऊ खुर्च्या, नऊ माणसं. सरन्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. ते सरकारच्या बाजूने बोलत होते. त्यांच्या मते कायद्याने सरकारला निवडणूक पुढे ढकलता येते. पंचवीस मिनिटं ते शांतपणे वाचत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, हे माझं मत झालं, माझ्याशी आणखी तिघे सहमत आहेत, आणि आम्ही चौघे अल्पमतात आहोत. शेजारच्या बाई न्यायमूर्तींनी पाच जणांचा निकाल वाचला. निवडणूक पुढे ढकलता येणार नाही. साठ दिवसांत घ्यायची.

बोळात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ओळखीच्या एका वकिलाने मला गरकन फिरवलं, वयाचाही विचार केला नाही. आणि मी त्या चार जणांचा विचार करत होते. माझा फळा, तुझं खातं, हे सगळं झालं आणि सरन्यायाधीश स्वतः आपल्या विरोधात. मला राग यायला हवा होता. आला नाही. विधेयक पास झालं असतं तर त्यांची बाजू जिंकली असती, आणि त्या दिवशी तळघरात सांगाडे मोजताना हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्यांचा चेहरा कसा पडला होता, ते मी पाहिलंय.

दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. कर्मचाऱ्यांच्या शिक्षेचं अपील शेवटी त्यांच्याकडेच जातं. बदली त्यांनी रद्द केली. नियमाप्रमाणे लिहिलं म्हणून कुणाला गोदामात पाठवता येत नाही, असं प्रबंधकांना माझ्यासमोर सुनावलं. सोमवारी खुर्च्यांचं काय करायचं ते ग्रंथालयवाले ठरवतील, त्यांना वाचनालयासाठी हव्या आहेत. मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी दुसरा कागद पुढे केला. लेखी ताकीद मिळाल्यावरही फळा लिहिल्याबद्दल एक महिना निलंबन. खाली त्यांची सही.

"हुकूम चुकीचा वाटला, तर माझ्याकडे अर्ज करायचा होता," ते म्हणाले.

मी विचारलं, "अर्ज केला असता तर निकाल कधी लागला असता, साहेब?"

त्यांनी खरोखर विचार केला. "दोन महिने तरी लागले असते."

मग त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"म्हणून एकच महिना," ते म्हणाले.

खाली येईपर्यंत मी हसू दाबलं आणि कार्यशाळेत पोचल्यावर हसत सुटले. सुतारांना वाटलं मला धक्का बसलाय. त्यांना कागद दाखवला, तर तेही हसायला लागले.

तर एक महिना मी रिकामी आहे आणि तुझ्या पाठीशी आता पक्ष नाही. निवडणूक झालीच तर मुख्याध्यापिका शेजारच्या मतदारसंघातून अपक्ष उभ्या राहणार असं आजच्या पेपरात आहे. तू मला कळवलं नाहीस, पण तूही उभा राहतोयस हे तुझ्या न आलेल्या पत्रांवरून मी ओळखलंय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. तेवढ्या वेळात प्रचाराची चार घरं होतील. कोणत्या वस्तीत आहेस ते तुझ्या दवाखान्याच्या दारावर लिहून ठेव, मी विचारत विचारत येते.

ताई